शोधाचे पान रंगवण्याआधी इंडेक्स तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेबवरच्या शोधयंत्रांबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. संस्थेच्या आतली परिपत्रके, करार आणि अहवाल धुंडाळण्यासाठी बसवलेल्या सर्च टूलबद्दल मात्र क्वचितच कोणी लिहिते. त्याचे पान आपल्या सोयीचे करून घ्यायचे काम बहुतेक वेळा लोगो, रंग आणि शोधपेटीच्या आकारावर संपते, आणि ‘सापडतच नाही’ ही तक्रार तशीच राहते. पानावर जे दाखवायचे, ते आधी इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी तयार केलेल्या कागदपत्रांच्या सूचीत, नीट असावे लागते, म्हणून हे पत्र.

बाजूच्या फिल्टरांचेच पाहा. विभागाचे नाव शब्द सुटे करून साठवले असेल, तर सोलर या शोधप्रणालीत ‘मानव संसाधन’ हा एक पर्याय न येता ‘मानव’ आणि ‘संसाधन’ असे दोन येतात. इलॅस्टिकसर्च ही दुसरी शोधप्रणाली तर अशा रकान्यावर, कोणत्या पर्यायात किती कागदपत्रे आहेत याची मोजणी करायलाच मुळात नकार देते. फिल्टरसाठी तो रकाना सोलरमध्ये ‘स्ट्रिंग’ आणि इलॅस्टिकसर्चमध्ये ‘कीवर्ड’ प्रकारचा, म्हणजे अख्खे नाव न तोडता साठवणारा हवा. शोधासाठी सुट्या शब्दांचे रूपही लागते, तेव्हा दोन्ही ठेवावीत. बदल केल्यावर जुनी कागदपत्रे पुन्हा इंडेक्स करावी लागतात. हे विसरले की फिल्टरमध्ये फक्त नवी कागदपत्रे मोजली जातात आणि दोष पानाला दिला जातो.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. एक विभाग निवडला की बाकीचे विभाग यादीतून गायब होतात आणि दुसराही निवडायची सोय उरत नाही. एखाद्या फिल्टरचे आकडे काढताना त्याच फिल्टरची अट वगळायची असते. सोलरमध्ये अटीला टॅग देऊन ती मोजणीतून वगळता येते, इलॅस्टिकसर्चमध्ये ‘पोस्ट-फिल्टर’, म्हणजे मोजणी झाल्यावर निकालांना लागणारी अट, वापरतात.

निकालाच्या ओळीत शीर्षक, उतारा, तारीख आणि विभाग एवढे पुरे. शीर्षक मात्र डोळे झाकून फाइलच्या गुणधर्मांतून उचलू नये. वर्डमधून छापून केलेल्या कित्येक पीडीएफमध्ये तिथे ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ या शब्दांनी सुरू होणारे नाव पडलेले असते. अशी शीर्षके ओळखून फाइलचे नाव दाखवावे. तारखेचेही तसेच आहे: फाइली नव्या सर्व्हरवर हलवताना मूळ तारखा जपल्या नसतील, तर सगळ्या कागदपत्रांवर एकाच दिवसाची ‘बदलल्याची तारीख’ उमटते आणि तारखेनुसार लावलेला क्रम निरर्थक होतो.

उताऱ्याचा तुकडा दोन्ही प्रणालींत मुळात सुमारे १०० वर्णांचा असतो. देवनागरीत ‘क्षि’ या एका अक्षराचेच चार वर्ण मोजले जातात, त्यामुळे १०० वर्णांत वाक्याचा अर्थ लागण्याइतका मजकूर मावत नाही. मराठी कागदपत्रांसाठी तो १८० ते २०० करून पाहावा. सीएसएसमधले (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांतले) अक्षरांतील वाढीव अंतर मराठीसाठी शून्य ठेवावे, नाहीतर शिरोरेषा तुटते. सुरक्षिततेची एक गोष्टही इथेच येते. जुळलेला शब्द ठळक करून आलेला उतारा तसाच पानात ओतला, तर कागदपत्रातले एचटीएमएलही (वेबपान घडवणाऱ्या खुणाही) पानात शिरते आणि त्यातली स्क्रिप्ट चालू शकते. इलॅस्टिकसर्चमध्ये हायलाइटचा एन्कोडर, म्हणजे अशा खुणा साध्या मजकुरात बदलणारी सोय, ‘एचटीएमएल’ असा मुद्दाम ठरवावा लागतो. तो आपोआप लागत नाही.

टाइप करताना येणाऱ्या सूचनांसाठी प्रत्येक कळीला विनंती पाठवू नये. सुमारे २५० मिलिसेकंद थांबावे आणि नवी विनंती जाताच जुनी रद्द करावी. तसे न केल्यास उशिरा आलेले जुने उत्तर नव्या सूचनांवर बसते. मराठी टंकनपद्धतीत शब्द निवडायलाही एंटर दाबतात. शब्द पूर्ण झाल्याची खूण न तपासता एंटरवर शोध सुरू केला, तर अर्धवट शब्दच शोधला जातो.

निकालांच्या संख्येतही खरेपणा हवा. इलॅस्टिकसर्च आवृत्ती ७ पासून मुळात १०,००० पर्यंतच अचूक मोजते. उत्तरात ‘किमान’ अशी खूण असेल तर पानावर ‘१०,००० हून अधिक’ लिहावे. पाने उलटण्याची मर्यादाही मुळात तेवढीच असल्याने दर पानाला १० निकाल धरले, तर १००१ व्या पानाचा दुवा चूकच दाखवणार.

सर्वांत गंभीर बाब परवानग्यांची. गोपनीय निकाल सीएसएसने किंवा ब्राउझरमधल्या स्क्रिप्टने लपवणे म्हणजे सुरक्षा नव्हे, कारण ते उत्तर ब्राउझरपर्यंत पोचलेलेच असते. गाळणी सर्व्हरवर, शोध चालतानाच लागली पाहिजे, आणि ती फिल्टरच्या आकड्यांना व सूचनांनाही लागू हवी. यादीत कागदपत्र दिसत नाही, पण सूचनेत त्याचे पूर्ण शीर्षक येते, ही गळती चाचणीत सहज निसटते, कारण चाचणी करणाऱ्याकडे बहुधा प्रशासकाचे खाते असते. सर्वांत कमी परवानग्या असलेल्या खात्याने, माहीत असलेल्या गोपनीय शीर्षकाची पहिली तीन-चार अक्षरे टाइप करून पाहावी.

हे सगळे बदल टूलसोबत आलेल्या मूळ साच्यात करू नयेत. साच्याची प्रत काढून तिला वेगळे नाव द्यावे आणि पान तिच्याशी जोडावे. मूळ साचा पुढच्या अपग्रेडमध्ये बहुधा पुसून नव्याने लिहिला जातो.

आपला,
सर्च प्रणालींवर काम करणारा एक अभियंता