शुल्क वर्षभराचे, चुरशीचे सामने चार-दोनच

संपादक महोदय,

माझा बारा वर्षांचा मुलगा पुण्यातील एका खासगी फुटबॉल अकादमीत तीन वर्षांपासून शिकतो आहे. मागच्या महिन्यात तेरा वर्षांखालील मुलांच्या एका स्पर्धेत त्याच्या संघाने पहिला सामना ९-० असा जिंकला, तर दुसरा ०-६ असा गमावला. जेमतेम वीस मिनिटांच्या त्या दोन सामन्यांतून मुले काय शिकली असतील, हे मला अजून उमगलेले नाही. (विजेत्यांचा चषक मात्र मुलांच्या खांद्याला लागत होता.) मासिक शुल्क, स्पर्धांची प्रवेश फी, बूट, किट आणि मुंबईच्या वाऱ्या यांची बेरीज केली, तर आमचा वर्षाचा खर्च त्याच्या शाळेच्या फीच्या घरात जातो.

प्रशिक्षकाचे मानधन आणि मैदानाचे भाडे द्यावेच लागते, त्यामुळे शुल्क का घेता, असे मी विचारणार नाही. परंतु मुलाचा खेळ सुधारतो तो तोडीस तोड संघाशी आठवड्यामागून आठवडा खेळल्याने; आणि शनिवार-रविवारच्या स्पर्धांचे अर्थकारण जितके संघ जास्त तितके बरे, असे असल्यामुळे तिथे कोण कोणाच्या तोडीचा आहे हे पाहिलेच जात नाही. मग चुरशीच्या सामन्यांसाठी पालक मुलांना बाहेरगावी नेतात आणि ज्यांना ते परवडत नाही, ती पुण्याच्या खडकी-बोपोडी भागातली चपळ मुले मागे राहतात.

मोठ्या क्लबांच्या भरवशावरही हा प्रश्न सुटणारा नाही. आय-लीग ही देशपातळीवरील साखळी स्पर्धा खेळलेला पुणे एफसी हा क्लब २०१५ मध्ये बंद झाला, तर इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या हंगामापासून खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. जर्मनीने २००० च्या युरो स्पर्धेत, म्हणजे युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेत, साखळीतच गारद झाल्यावर देशभर साडेतीनशेहून अधिक केंद्रे उभारून गुणी मुलांना आठवड्यातून एकदा मोफत जादा प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. मुले मात्र आपापल्या गावच्या क्लबकडूनच खेळत राहिली. हा तपशील मला त्या केंद्रांइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण घराजवळचा क्लब आणि नियमित साखळी सामने असले, की खर्च आपोआप आटोक्यात राहतो.

पुण्यात वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा श्रेणींनुसार होते. तीच पद्धत तेरा आणि पंधरा वर्षांखालील गटांना लावून, हंगामाच्या शेवटी वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली आणि खालचे अव्वल संघ वर, असा नियम करणे जिल्हा फुटबॉल संघटनेला अशक्य नसावे. तेरा वर्षांखालील सामने नऊ-नऊ खेळाडूंचे ठेवले, तर मैदानही लहान पुरते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी रविवारी सकाळी आपल्या शाळांची मैदाने नाममात्र भाड्याने दिली, तर संघांना मुख्यतः पंचांचे मानधन आणि चेंडूंचा खर्चच उचलावा लागेल. ज्या वस्तीतील क्लबला तेवढेही झेपत नसेल, त्याची प्रवेश फी माफ करावी. पावसाळ्यात मैदाने खेळण्याजोगी नसतात आणि मार्चमध्ये परीक्षा येतात. म्हणून दिवाळीची सुट्टी वगळून ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच काळ हाती राहतो. त्यासाठी संघनोंदणी आणि मैदानांचे वाटप ऑगस्टअखेर पूर्ण व्हायला हवे.

— एक पालक, कोथरूड, पुणे