सूचना: डेलियाची सुकलेली फुले आणि दुसरा बहर

सर्व सभासदांसाठी,

ऑक्टोबरात लावलेल्या डेलियाचा पहिला बहर आता ओसरतोय. सुकलेली फुले झाडावर ठेवू नका. बी धरायला लागले की झाड नव्या कळ्या आवरते घेते. नुसती फुलाची मान खुडू नका. दांडा खाली पानांच्या जोडीपर्यंत उतरून, त्या जोडीच्या जरा वर कात्रीने कापा. त्या बेचक्यातूनच नवा फुटवा येतो.

दरवर्षीची चूक: सुकलेले फूल समजून कळीच कापली जाते. कळी गोल आणि घट्ट, तर उतरलेले फूल टोकदार व दाबल्यावर मऊ. हात लावून बघा, मग कात्री चालवा.

युरिया आता बंद. पाने माजतात, फुले रोडावतात, कंदही साठवणीत कुजतात. त्याऐवजी ०:०:५० हे पालाशचे (पोटॅशचे, नत्र नसलेले) खत लिटरभर पाण्याला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीतच घाला. पाणी बुंध्याशी द्या, संध्याकाळी पानांवर नको, बुरशीचे रोग येतात. ऊन तापू लागले की पानांखाली लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) दिसेल. सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

मोठेच फूल हवे असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या दोन काढा. घरच्या बागेत भरपूर फुले हवी असतील तर हा खटाटोप नकोच.

काठीचे बांध आवळले असतील तर सैल करा. पाने पिवळी पडेपर्यंत कंद उपटू नका.