तळमजल्यावरच्या घराविषयी आई-बाबांना

नेरूळ, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

खारघरच्या फ्लॅटची माहिती सांगत होते, तेव्हा बाबांनी मध्येच विचारले होते, "तरणतलाव आहे ते कळलं, पण दूध कुठं मिळतं आणि एसटी कुठं थांबते?" फोनवर मला उत्तर सुचले नाही. तो सोळाव्या मजल्यावरचा फ्लॅट मी सोडून दिला आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे आणि तिचे डबे स्वच्छ असतात, हे खरे. पण त्या इमारतीपासून स्थानक गाठायला रिक्षाच करावी लागते आणि एवढ्या जवळच्या भाड्याला रिक्षावाले सरळ मान हलवतात. त्याऐवजी नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. भिंतींचे पोपडे निघाले आहेत, तेवढे रंगवून घेईन. दूध आणि किराणा त्याच गल्लीत मिळतो.

गेल्या रविवारी हातात पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन, बाबांच्या चालीने, म्हणजे दर कोपऱ्यावर थोडा दम खात, मी घरापासून स्थानकापर्यंत चालत गेले. अठरा मिनिटे लागली. वाटेत दोन ठिकाणी पदपथाच्या फरशा उखडल्या आहेत, आणि एका औषधाच्या दुकानापुढे मोटारसायकली अशा आडव्या लावलेल्या असतात की रस्त्यावर उतरल्यावाचून पुढे जाताच येत नाही. गुडघा दुखत असेल त्या दिवशी मात्र रिक्षाच करावी.

नेरूळची खरी सोय रेल्वेची आहे. हार्बर मार्गाने एकीकडे पनवेल आणि दुसरीकडे थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठता येते, ट्रान्स-हार्बरने गाडी न बदलता ठाण्याला आत्याकडे जाता येते, आणि जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंतही लोकल जाते. फक्त सकाळी आठ ते दहा या वेळेत मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत चढण्याचे धाडस करू नये; त्या वेळी मलाच दारातून आत सरकताना दोनदा चप्पल गमवावी लागली आहे.

आता एसटीविषयी. साताऱ्याहून पनवेलमार्गे मुंबईला जाणाऱ्या गाडीत बसून वाहकाला 'नेरूळ एलपी' एवढेच सांगावे. सायन-पनवेल महामार्गावरचा हा थांबा सगळ्यांना ठाऊक असतो. बाबांची पंचाहत्तरी झाली असल्याने त्यांचा प्रवास विनामूल्य आणि आईला निम्मे तिकीट, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. आधार कार्ड मात्र बाबांनी वरच्या खिशात ठेवावे, पिशवीच्या तळाशी नको.

दवाखान्याची काळजी आईला आहे. महापालिकेचे मीनाताई ठाकरे रुग्णालय नेरूळमध्येच आहे आणि डी. वाय. पाटील रुग्णालयही इथेच. त्याच नावाचे क्रिकेटचे मैदानही जवळ आहे, जिथे २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. सामन्याच्या दिवशी रस्ते तुंबतात, पण त्याबद्दल बाबा तक्रार करतील असे वाटत नाही.

दहिवडीत टँकरची वाट पाहण्यात आईचे अर्धे आयुष्य गेले, म्हणून पाण्याचे मुद्दाम लिहिते. नवी मुंबई महापालिकेचे खालापूरकडे स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण आहे. आमच्या नळाला पाणी सकाळ-संध्याकाळ येते. शेजारच्या काकू मात्र सवयीने अजूनही पिंप भरून ठेवतात, तेव्हा आईची त्यांच्याशी पहिल्याच दिवशी गट्टी जमेल.

एक उणीव आधीच सांगून ठेवते. तळमजला असल्याने घरात ऊन कमी येते. स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी साडेआठपर्यंतच कोवळे ऊन असते, नंतर समोरच्या इमारतीची सावली पडते. आई, तेवढ्यावर तुळस तगेल का, की कुंडी बाहेर फाटकाशी ठेवू? ते कळव, म्हणजे तुम्ही येण्याआधी कट्टा बांधून घेते.

तुमची लेक