वोकिंग : दफनभूमीच्या जमिनीवर उभे राहिलेले शहर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जमशेटजी टाटांविषयीच्या लेखांत त्यांचे दफन ‘लंडनजवळ’ झाले, एवढाच उल्लेख अनेकदा असतो. ते ठिकाण म्हणजे सरे परगण्यातील वोकिंग शहरालगतची ब्रुकवुड दफनभूमी. तिचा इतिहास ठाऊक नसेल तर वोकिंगची आजची रचनाही उलगडत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मूळ वोकिंग गाव वे नदीकाठचे. १०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदींत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करविलेल्या जमीन-पाहणीत, ते आढळते. गावाच्या वायव्येला मात्र रेताड, नापीक माळ होता. १८३८ मध्ये लंडनहून आलेला लोहमार्ग या माळावरूनच गेला आणि स्थानकही गावाबाहेर उघड्यावर उभे राहिले. पुढे लंडनच्या दफनभूमींत जागा उरेना, तेव्हा १८५२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘लंडन नेक्रोपोलिस कंपनी’ने येथील दोन हजार एकरांहून अधिक जमीन घेतली आणि १८५४ मध्ये ब्रुकवुड सुरू झाले. लंडनमधील वॉटर्लू स्थानकाजवळून शवपेट्या व आप्तेष्टांना घेऊन खास आगगाडी निघे. तिच्यात मृतांसाठीही पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते, आणि अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे अनुयायी) व इतर पंथीयांसाठी दफनभूमीत दोन वेगळी स्थानके होती. मरणानंतरही माणसामाणसांत राखलेला हा भेद मन विषण्ण करतो.

कंपनीच्या अपेक्षेइतकी दफने मात्र झाली नाहीत. उरलेली जमीन तिने विकायला काढली आणि स्थानकाभोवती तुकड्यातुकड्यांनी नवे शहर वाढले. नदीकाठचे मूळ गाव ‘ओल्ड वोकिंग’ म्हणून बाजूला पडले. ब्रिटनमधील पहिले आधुनिक दाहगृहही याच कंपनीकडून घेतलेल्या जागेवर उभे राहिले. १८७९ मध्ये तेथे घोड्याचे शव जाळून चाचणी झाली, परंतु स्थानिकांच्या विरोधामुळे पहिले मानवी दहन १८८५ पर्यंत लांबले. १८८९ मध्ये भोपाळच्या शाहजहान बेगमांच्या देणगीतून येथे मशीद बांधली गेली. खास मशीद म्हणून बांधलेली ती ब्रिटनमधील पहिली वास्तू होय.

एवढा इतिहास असलेल्या या शहराची ओळख ‘लंडनला नोकरीसाठी जाणाऱ्यांची वसाहत’ एवढ्यावर आटोपणे अन्यायाचे आहे. ब्रुकवुडच्या पारशी विभागात जमशेटजींप्रमाणेच त्यांचे पुत्र सर दोराबजी आणि सर रतन टाटा यांच्याही समाधी आहेत. जमशेटजींच्या स्मृतिदिनी, १९ मे रोजी, आपल्या पत्राने या स्थळाची सविस्तर माहिती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मुंबई