आईने नेमकं काय ऐकलं?

प्रिय ठेक्या,

तब्येत बरी, घसा उत्तम, गुडघा अधूनमधून दुखतो. हे झालं. आता मुद्द्याचं. फोनवर सांगितलं असतं, पण तू दर वाक्याला "बरं, मग?" करतोस आणि या गोष्टीला पुढे "मग" नाहीच.

परवा घरी गेलो होतो. आई चादरींच्या घड्या घालत होती, मी तानपुऱ्याचं ॲप लावून नुसताच बसलो होतो. ती म्हणाली, "ते म्हण ना, लॉकडाऊनमध्ये रात्री हळू हळू म्हणायचास ते. मधेच थांबून हसायचास बघ." आणि पुढची चादर उचलली.

रियाजात हसतं कोण, ठेक्या?

मार्च 2020 मध्ये मी थोड्या दिवसांसाठी म्हणून घरी आलो आणि अडकलो, तो तिकडेच राहिला. घरमालकाच्या लेखी तो माझा रूममेट, घरच्यांच्या लेखी मित्र, तुझ्या लेखी बेसूर. रात्री सगळे झोपले की मी पांघरुणात फोन घेऊन त्याला बागेश्री ऐकवायचो. सगळी मंद्रात, कारण पलीकडे आईबाबांची खोली. वरचा सा लावायची हिंमतच नव्हती. नंतर तूच म्हणालास ना, की तुझा खर्ज एवढा कसा सुधारला? भिंतीने सुधारला.

आणि आता तुझंच वाक्य माझ्या मानगुटीवर बसलंय. स्टुडिओत फोम चिकटवताना म्हणाला होतास, उंच स्वर हा फोम गिळतो, पण खर्ज भिंतीतून चालत जातो. म्हणजे जे लपवायला मी खाली गेलो, तेच सगळ्यांत आधी तिच्यापर्यंत पोचलं. पण मग बोलणं? क, च, स यांची धार वरच्या कंपनांत असते, ती भिंतीत विरते, म्हणून पलीकडचं बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं येतं. इतपत शास्त्र मलाही कळतं. त्यामुळे चाल गेली, शब्द नाही गेले, असं मी स्वतःला समजावतोय. फक्त त्याच्या नावात एकही धारदार अक्षर नाही. सगळी मऊ.

तुझ्याशी तेव्हा भांडलो होतो, तेही याच सुमाराचं. तू ती वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिटची बातमी पाठवलीस. 10 मार्चला समूहगायनाची तालीम, 61 माणसं, त्यांतली 53 आजारी, दोघं गेली. खाली लिहिलंस, "आता गप्प बस." बातमी बरोबर होती, तुझा सल्लाही बरोबर होता, पण मी पेटलो. एका गोष्टीबद्दल आयुष्यभर गप्प बसलोय, वर हेही? राग विषाणूवर काढता येत नाही, तू हाताशी होतास.

मग आपण व्हिडिओ कॉलवर वाजवायला बसलो, आठवतंय? ॲपला तानपुरा पंख्याची घरघर वाटला आणि त्याने तो साफ पुसून टाकला. ते "ओरिजिनल साउंड"चं बटण सापडेपर्यंत मी कोरडाच गात होतो. तुझी सम माझ्याकडे उशिरा यायची, माझी तुझ्याकडे त्याहून उशिरा, दोघंही एकमेकांसाठी थांबायचो आणि मध्यलयीतली बंदिश शेवटाला विलंबित व्हायची. साथीला तीसेक मिलिसेकंदांपलीकडचा उशीर चालत नाही, म्हणजे दहा मीटर लांब बसून वाजवल्यासारखं, आणि आपल्यामध्ये त्याच्या कितीतरी पट. तरी तुझं म्हणणं एकच, "तू पळतोस." मी पळत नव्हतो. हे लेखी देतोय.

त्या 27 जूनला जगभरच्या प्राइडचा ऑनलाइन कार्यक्रम होता. सगळीकडचे मोर्चे रद्द, म्हणून. मी एका कानात इअरफोन घालून पाहिला, दुसरा कान दाराकडे. इतकी आपली माणसं एकदम कधी पाहिली नव्हती, आणि मी आवाज कमी करत बसलो होतो.

पण खरं डोकं खातंय ते 2021चं. तो हॉस्पिटलमध्ये होता तेव्हाचं. फोनवर विचारायचे, "नातं काय?" मी "भाऊ" म्हणायचो. मग त्याचा खरा भाऊ फोन करायचा आणि ते चिडायचे की एकाला किती वेळा सांगायचं. त्याच्या ऑक्सिजनचा आकडा रोज तुला कळवायचो आणि सरळ तोंडाने जेवायला बसायचो. बाबांशी क्रिकेटवर वाद घालायचो. वाढत आईच असायची. तिला तेव्हाच ठाऊक असेल, तर समोरासमोर बसून आम्ही दोघंही अभिनय करत होतो, आणि तिचा माझ्यापेक्षा सरस होता. याने हलकं वाटायला हवं, नाही? मला राग येतोय. एकदा तरी म्हणायचं होतं, "तो कसा आहे?" तीन शब्दांचा प्रश्न जास्तीचा होता का?

की तिला खरंच काही माहीत नाही? पोरगा रात्री गातो, मधेच स्वतःशी हसतो, गाणारे असेच विक्षिप्त, एवढंच? तेही शक्य आहे. बाबा तर आजही मला अर्धवटच समजतात.

त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणायला सांगितलंय ना, म्हणून टाक." त्याचं सगळं असंच सोपं असतं. मी तेव्हा घसा बसलाय म्हणून टाळलं. पुढच्या खेपेला ती पुन्हा विचारेल, ती विसरत नाही.

तुझं काय? लेक बोलायला लागली का? नव्या जागेत शेजारी तबला सहन करतात की पुन्हा तक्रार? वहिनींना सांग, पुस्तक माझ्याकडेच आहे, परत करीन.

तर काम असं आहे. पुढच्या आठवड्यात आईबाबा मावशीकडे जाणार आहेत, घराची किल्ली माझ्याकडे आहे. तू ये. तुझा तो चांगला माइक आण. तू आईच्या पलंगावर बसायचं, उशाकडच्या बाजूला, ती तिथेच झोपते. मी माझ्या खोलीत पांघरूण घेऊन आधी गाईन, मग तेव्हासारखं त्याच्याशी फोनवर बोलेन. जे ऐकू येईल ते शब्दन्‌शब्द लिहून काढ, मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस.

तबला आणू नकोस.

तुझा,
बेताल