काकूंच्या सीडी लवकर उरकायच्या तर

मिरज,
रविवार

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. काचबिंदूनं काकूंची उरलीसुरली नजरही गेली, आणि नेमका आत्ताच त्यांचा सीडी प्लेअर अडखळायला लागला, हे वाचून फार वाईट वाटलं. दुपारी भांडीकुंडी आवरली की कथाकथन लावून बसायचं हा त्यांचा किती वर्षांचा नेम! तो मोडता कामा नये. तू सीडींवरून फाइली करायला घेतल्यास हे उत्तम केलंस. पण एकेका सीडीला तास-तास लागतोय असं लिहिलंयस, ते काही बरोबर नाही. तू एक तर सीडी वाजवून तिचं रेकॉर्डिंग करत असणार, नाहीतर प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचत असणार. चांगल्या सीडीला पाच-सहा मिनिटं पुष्कळ झाली.

पुढची सीडी घालायच्या आधी खोकं पालथं कर आणि दोन ढीग कर. आपल्याकडे व्याख्यानांच्या, कथाकथनाच्या कितीतरी सीडी एमपीथ्री सीडी म्हणूनच विकल्या गेल्या. एकाच सीडीत सात-आठ तासांचा ऐवज असेल तर ती एमपीथ्रीच समज, कारण साध्या ऑडिओ सीडीत ८० मिनिटांच्या वर मावत नाही. एमपीथ्रीच्या ढिगाला रूपांतर नकोच. फोल्डर उघडायचा, फाइली कॉपी करायच्या, संपलं. साधी ऑडिओ सीडी विंडोजवर उघडलीस तर सीडीए नावाच्या इवल्याशा फाइली दिसतील, प्रत्येकी एक केबीच्या. त्या कॉपी करून घेऊ नकोस. त्यांत आवाज नसतोच, ट्रॅक कुठून सुरू होतो एवढाच पत्ता असतो. आणि एखादं पुस्तक त्याच वाचकाच्या आवाजात स्टोरीटेलसारख्या ॲपवर असेल, तर ती सीडी मागे टाकलीस तरी चालेल. आवाज मात्र तोच हवा. काकूंना ओळखीचा आवाज लागतो.

आता ऑडिओ सीडींचं. आवाजाचं एमपीथ्री करायला हल्लीच्या कुठल्याही लॅपटॉपला काही सेकंद लागतात. वेळ खातो तो ड्राइव्ह, म्हणजे सीडी वाचणारं यंत्र. पातळ ड्राइव्हवर वाजवण्याच्या चोवीसपट वेग छापलेला असतो, पण तो मिळतो सीडीच्या बाहेरच्या कडेला. सीडी वाचली जाते आतून बाहेर, त्यामुळे सुरुवात निम्म्याहून कमी वेगानं होते. तेव्हा नवा कॉम्प्युटर घेण्याच्या फंदात पडू नकोस. घरातला जुना लॅपटॉप काढ, कुणाच्या तरी कपाटात पडलेला यूएसबी ड्राइव्ह मागून आण, आणि दोन सीडी एकाच वेळी चालू ठेव. ड्राइव्हची वायर थेट लॅपटॉपमध्येच घाल. एका जागेच्या चार जागा करणाऱ्या यूएसबी हबमधून पुरेसा करंट मिळाला नाही की ड्राइव्ह कुथत बसतो.

त्याहूनही जास्त वेळ जातो तो तू समोर बसून बटणं दाबण्यात. आयट्यून्स या प्रोग्रॅममध्ये सीडी घातल्याबरोबर आपोआप इम्पोर्ट करून बाहेर काढण्याची सोय आहे, विंडोज मीडिया प्लेअरमध्येही आहे. ती एकदा लावून टाक. मग ट्रे बाहेर आला की दुसरी सीडी ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचं. आलेल्या-गेलेल्यालाही हे जमेल. काकूंच्या नातवाला तर नक्कीच.

सेटिंग एकदाच नीट कर. निव्वळ बोलणं असेल तर मोनो, ६४ केबीपीएस एमपीथ्री. एका तासाला साधारण २९ एमबी लागतात, म्हणजे दहा सीडींचं पुस्तक चारशे एमबीच्या आत बसतं आणि १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर पाचशे तासांहून जास्त ऐकणं राहतं. मध्ये मध्ये सतार-बासरीचे तुकडे असतील तर स्टिरिओ १२८ ठेव. गाण्यांसाठी लोक ३२० लावतात, ते इथे वाया जाईल.

आयट्यून्समधली एरर करेक्शनची खूण विकतच्या सीडींसाठी काढून टाक. डेटा सीडीवर चुका दुरुस्त करणारा एक जास्तीचा थर असतो, तो ऑडिओ सीडीवर नसतो. म्हणून जास्त काळजी घेणारे प्रोग्रॅम तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पडताळत बसतात. नव्यासारख्या सीडीला त्याची गरज पडत नाही. बोलण्यात कुठे बारीकशी टिचकी ऐकू आलीच, तर तेवढा ट्रॅक परत काढ. सीडी घालण्याआधी मऊ सुती कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल घासायची नाही. गोलाकार ओरखडा आवाजाच्या रेघेबरोबरच धावतो आणि सलग मोठा तुकडा खाऊन टाकतो.

पण बंड्या, खोक्यात काकांनी स्वतः बर्न केलेल्या सीडी आहेत ना, मार्करनं 'व्याख्यानमाला' लिहिलेल्या? त्यांच्याबाबतीत घाई नको, आणि उशीर तर मुळीच नको. विकतच्या सीडीत आवाजाचे बारीक खड्डे साच्यानं दाबलेले असतात. घरी बर्न केलेल्या सीडीत मात्र रंगाच्या थरावर लेझरनं खुणा केलेल्या असतात, आणि तो थर उन्हानं, उष्णतेनं उतरत जातो. खिडकीशेजारच्या फडताळात इतकी वर्षं राहिलेल्या त्या सीडी अजून किती दिवस वाचता येतील याचा भरवसा धरू नकोस. आज रात्रीच त्यांना हात घाल. त्यांच्यासाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम घे. त्याच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक भाग निदान दोनदा वाचून पडताळला जातो. रात्री लावून झोप, सकाळी बघ. एक सीडी तीन तास चालली तरी चालू दे. त्यांची एक प्रत फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज जराही न घटवणाऱ्या फाइलीत, जपून ठेव, एमपीथ्री त्यावरून केव्हाही होईल. कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ते ओढून काढू नकोस. आवाज धरून ठेवणारा थर लेबलच्या बाजूला अगदी वरच असतो, लेबलाबरोबर तोही निघून येतो.

नावं देत बसणं शेवटी ठेव. आपल्या सीडींची माहिती इंटरनेटवर बहुधा सापडत नाही, सापडली तर भलत्याच सिनेमाची गाणी येतात. सध्या प्रत्येक सीडीला फक्त आकडा दे: ०१, ०२, पुढे. आधीचं शून्य विसरू नकोस, नाहीतर दहावी सीडी दुसरीच्या आधी वाजेल.

काकूंसाठी पेनड्राइव्ह लागणारा, मोठ्या बटणांचा छोटा स्पीकर घे. फोनची काच त्यांना चाचपून कळायची नाही. यातले बरेच स्पीकर फाइली नावाप्रमाणे लावत नाहीत, ज्या क्रमानं कॉपी केल्या त्या क्रमानं वाजवतात. म्हणून पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट कर आणि एकेक सीडी क्रमानं त्यावर टाक. सगळं एकदम ओढून टाकलंस तर गोष्टीचा शेवट आधी ऐकावा लागेल. फोनवर ऐकायचं असेल तेव्हा लोक अख्खं पुस्तक एका फाइलीत जोडतात. तू तसं करू नकोस. स्पीकर बंद झाल्यावर जागा विसरला तर काकूंना चार-पाच मिनिटांचे ट्रॅक ओलांडून पुढे जाता येईल, सत्तर मिनिटांची फाइल हातानं कशी पुढे सरकवणार?

कायद्याचं विचारलंयस. घरच्या वापरासाठी, त्यातून दृष्टी गेलेल्या माणसासाठी अशी प्रत करायला कॉपीराइट कायद्यात वाट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं अपंगांसाठीची तरतूद स्पष्टच केली. फाइली व्हॉट्सॲपवर मात्र फिरवू नकोस. ज्यांनी वाचून रेकॉर्ड केलं त्यांच्या पोटावर पाय येतो.

एखादी सीडी तुझ्या ड्राइव्हवर अडलीच, तर फेकू नकोस. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, एकावर न वाचलेली सीडी दुसऱ्यावर सहज वाचली जाते. अशा अडलेल्या सगळ्या एका डब्यात घालून कुरिअर कर. माझ्याकडचा डेस्कटॉपचा जुना ड्राइव्ह अजून धडधाकट आहे. काकूंना आधी कुठली ऐकायची आहे ते विचारून त्या सीडीवर खूण कर, तीच पहिली लावतो.

काकूंना साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
पक्या