माझी सही कुठपर्यंत चालते

ती. आई-बाबांना,
मनूचा सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘डॉक्टर नसताना तू औषध लिहून देतेस, तर त्याला आधार कशाचा? कागद कुणी दिला?’ उभी नोकरी तलाठी म्हणून काढलेल्या माणसाला हाच प्रश्न पडणार. फोनवर ते धड सांगून होत नाही. मध्येच आई ‘जेवलीस का’ विचारते आणि विषय तिथेच राहतो. म्हणून आज सवडीने लिहायला बसले. आईच्या गोळ्यांचा विषयही याच्याच पोटात आहे, तो पुढे येईल.

पहिले कागद तुमच्या हिरव्या फाइलीतच आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंगची पदवी आणि मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. इकडे अमेरिकेत यायचं ठरलं तेव्हा सीजीएफएनएस या संस्थेने त्या पदवीची चिरफाड केली. कुठला विषय किती तास शिकवला, वॉर्डात किती तास उभी होते, सगळं कॉलेजच्या शिक्क्यानिशी मागवलं. त्या कागदांसाठी तुम्ही मारलेले हेलपाटे माझ्या पक्के लक्षात आहेत. मग एनक्लेक्स ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा. ती पास झाल्यावर मी इथली रजिस्टर्ड नर्स झाले आणि बरीच वर्षं हॉस्पिटलात तेच काम केलं. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध द्यायचं, त्याचा परिणाम बघायचा, काही बिनसतंय असं वाटलं तर वेळेत कळवायचं. रात्रपाळीत पेशंटचा नुसता चेहरा बघून पोटात धस्स होतं ना, ती नजर मला तिथे मिळाली. आजही ती रोज उपयोगी पडते.

त्यानंतर नर्सिंगमध्येच मास्टर्स केलं, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे रोगी तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सचं. यात तीन विषय पाया धरले जातात: शरीर बिघडतं कसं, औषधं काम कशी करतात आणि रोगी तपासायचा कसा. शिवाय अनुभवी डॉक्टर किंवा प्रॅक्टिशनरच्या हाताखाली प्रत्यक्ष पेशंट बघावे लागतात. मी शिकत होते तेव्हा अशा तासांची किमान अट 500 होती, 2022च्या नव्या नियमांत ती 750 झाली. वाढवली हे बरंच झालं असं माझं मत आहे. डॉक्टर होणाऱ्यांचे रेसिडेन्सीचे, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाचे तास याच्या कितीतरी पट असतात, आणि मी ही गोष्ट कधी नजरेआड होऊ देत नाही. आपल्या हातचं काय आणि पुढे कुणाकडे पाठवायचं, हे वेळेत ओळखणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे.

मग राष्ट्रीय पातळीची परीक्षा, दीडशे प्रश्न, तीन तास. ती पास झाले म्हणून नावापुढे एफएनपी-सी ही अक्षरं लागतात. पण ती कायमची नाहीत. दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तेवढ्या काळात किमान हजार तास पेशंट बघितलेले हवेत आणि शंभर तासांचं पुढचं शिक्षण झालेलं हवं, त्यातले पंचवीस निव्वळ औषधांवरचे. एकदा पदवी भिंतीवर टांगली की संपलं, असं इथे चालत नाही.

एवढं सगळं होऊनही औषध लिहायचा अधिकार मिळतो तो राज्याकडून. न्यू मेक्सिकोच्या नर्सिंग बोर्डाचं लायसन्स वेगळं. झोपेच्या, नशा येणाऱ्या, तीव्र वेदनेच्या औषधांसाठी डीईए या केंद्रीय खात्याची नोंदणी वेगळी, ती दर तीन वर्षांनी. उपचार करणाऱ्याची ओळख सांगणारा दहा आकडी एनपीआय क्रमांक वेगळा, त्याशिवाय विमा कंपनी बिल बघतसुद्धा नाही. चिठ्ठीवर सही माझी, म्हणून चुकलं तर जबाबदार मीच. बोर्डाकडे माझं लायसन्स कुणीही नाव टाकून तपासू शकतं. बाबा, तुम्हीही बघा, तुम्हाला ते आवडेल.

आता गंमत बघा. मी राहते त्या लास क्रूसेसहून टेक्सासमधलं एल पासो सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. न्यू मेक्सिकोने 1993 साली प्रॅक्टिशनरना स्वतंत्रपणे तपासायचा आणि औषध लिहायचा अधिकार दिला. टेक्सासात मात्र त्यासाठी एखाद्या डॉक्टरांशी लेखी करार लागतो. शिक्षण तेच, परीक्षा तीच, पेशंटची शुगर तीच. साध्या नर्सचं लायसन्स या दोन्ही राज्यांत चालतं, कारण दोन्ही राज्यं नर्सच्या लायसन्सबद्दलच्या राज्याराज्यांमधल्या एका करारात आहेत, पण प्रॅक्टिशनरचं चालत नाही. तलाठ्याची सही जशी त्याच्या सजापुरतीच, तसंच हे. पलीकडच्या गावचा उतारा तुम्ही कितीही ओळखीचा माणूस आला तरी दिला नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

हे काम निघालं कुठून तेही सांगते. 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्डबाई आधी खेड्यापाड्यांतून सार्वजनिक आरोग्याची नर्स म्हणून फिरलेल्या. तिथल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते आणि नर्स तर तिथे होतीच, मग तिलाच आणखी का शिकवू नये, असा तो विचार. 2025च्या जानेवारीत त्या गेल्या, 104 वर्षांच्या होत्या. त्या दिवशी आमच्या क्लिनिकमध्ये बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलणं चाललं होतं. मला आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर आठवत होत्या, लुनावरून लसीची पेटी घेऊन येणाऱ्या.

‘फॅमिली’ म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे. ऑपरेशन नाही, अतिदक्षता विभाग नाही. ताप, खोकला, बीपी, शुगर, थायरॉईड, गरोदर बाईची पहिली तपासणी, शाळेचं फिटनेस सर्टिफिकेट, नैराश्य, गुडघे. इथे पेकन नावाच्या अक्रोडासारख्या फळाच्या मोठाल्या बागा आहेत आणि मिरचीची शेती. बागांना पाटाने पाणी भरतात, सगळी बाग तळ्यासारखी होते. बाबा, तुम्ही आलात की ते आधी दाखवायचं आहे. माझे पुष्कळ पेशंट त्या शेतांत राबणारे, स्पॅनिश बोलणारे. माझं स्पॅनिश आता बऱ्यापैकी चालतं, अडलं तर दुभाषा असतो.

मध्यंतरी असेच एक आजोबा आले. त्यांचं नाव-गाव तुम्हालाही सांगता येणार नाही, कायदाच तसा आहे. तक्रार खोकल्याची. पण फायलीत शुगर होती आणि गेल्या वर्षाची पायांची तपासणी झालेली नव्हती, म्हणून मी बूट काढायला सांगितले. ते संकोचले, शेतातून थेट आलेत म्हणाले, पाय मळलेले आहेत. मी स्टूल ओढून खाली बसले आणि मोजे स्वतः काढले. आमच्याकडे मासे धरायच्या दोरीसारखा एक नायलॉनचा तंतू असतो, टेकवला की बरोबर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. आजोबांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्याला एकेका जागी टेकवत गेले. टाचेशी ‘सी’ म्हणाले, म्हणजे हो. पुढे अंगठ्याखाली टेकवला, गप्प. करंगळीखाली, गप्प. आणि तिथेच, त्यांना न कळलेली, बुटाने घासून झालेली जखम. रुपयाएवढीसुद्धा नव्हती, पण कडा पांढऱ्या पडलेल्या. तंतू टोचलेला कळत नाही, मग जखम कुठून कळणार? खोकला साधा निघाला. पायासाठी त्याच दिवशी फोन करून पुढची अपॉइंटमेंट मिळवली, कारण अशा पायाला एक-दोन आठवडेसुद्धा महाग पडतात. आता ते नियमित येतात, आणि आत शिरल्या शिरल्या स्वतःच बूट काढून बसतात.

मला हे काम किती आवडतं ते तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून एवढं लांबवलं. मेडिकेअर ही म्हाताऱ्यांची सरकारी विमा योजना त्याच तपासणीचे डॉक्टरांना शंभर देते तर आम्हाला पंचाऐंशी. ते मला पटत नाही. पण त्या पायापुढे ती तक्रार मनात टिकत नाही. आणि नात्यातलं कुणी ‘पोरगी तिकडे डॉक्टर झाली म्हणे’ असं म्हणालं, तर कृपा करून दुरुस्त करा. मी नर्स आहे. या सगळ्या परीक्षा मी नर्स म्हणूनच दिल्या.

आता आई, तुझं. तू रिपोर्टचे फोटो पाठवतेस आणि विचारतेस, ‘बीपीची गोळी अर्धी करू का, चक्कर येते.’ मी दर वेळी डॉक्टरांकडे जा म्हणते आणि तुला वाटतं, जगाला औषध देते आणि आईलाच देत नाही. मला फार लागतं ते. पण माझी सही तासगावात चालत नाही, आणि खरं सांगायचं तर चालली असती तरी मी केली नसती. मी तुझी नाडी बघितलेली नाही, उभं राहिल्यावर बीपी किती उतरतं ते मोजलेलं नाही, आणि तू माझी आई आहेस. माया असली की माणूस एकतर घाबरून जास्त करतो, नाहीतर चांगलंच असेल म्हणून सोडून देतो. तुझ्याबाबतीत मला दोन्ही नको आहे.

पण लेक म्हणून सांगायचं ते सांगतेच. गुडघ्यासाठी तू मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक आणतेस, हे मला काकूंकडून कळलं. रागावलेली नाही. पण ती गोळी बीपी वाढवते, आणि तुझ्या बीपीच्या टेल्मिसार्टनबरोबर रोज घेतली तर किडनीवर ताण येतो. तू घेतेस हे तासगावच्या डॉक्टरांना ठाऊकच नाही, मग ते बीपीची गोळी ठरवणार कशावरून? त्यांना दाखवेपर्यंत ती गुडघ्याची गोळी बंद ठेव, बीपीची नाही.

बीपीसाठी दर वेळी तासगाव गाठायची गरज नाही. गावच्या आरोग्यवर्धिनी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यांच्यातही पुष्कळ जणी बी.एस्सी. नर्सिंगच केलेल्या असतात. बीपी, शुगर तिथे मोफत बघतात. घरी मोजलंस तर आधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून नाही तर उघड्या दंडावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. बाबा, आकडे तुम्ही वहीत लिहा, तुमचं अक्षर डॉक्टरांना लागतं.

या आठवड्यात दोघं मिळून जाऊन या. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला, गुडघ्याची, ॲसिडिटीची, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा. चक्कर कधी येते, उठताना की जेवणाआधी, ते सांगा. किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं प्रथिन बघायचं का, असं तुम्ही स्वतःहून विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. शुगरसाठी आईचे तळवेही दाखवा, आणि डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासलेला नाही त्याचंही विचारा. आत गेल्यावर मला फोन लावून टेबलावर ठेवा. मी मध्ये बोलणार नाही, डॉक्टरांनी विचारलं तरच बोलेन. तुमची सकाळ म्हणजे माझी रात्र, तरी जागी राहीन. कुठला दिवस ठरला तेवढं कळवा.

तुमची,
मनू